‘नंतर’च्या फोटोत न दिसणारं

ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होतो आणि अचानक माझाच आवाज मला आतून ऐकू यायला लागला. तांब्याच्या हंड्यात तोंड घालून बोललं की जसं घुमतं, तसं. बोलायचा थांबलो तर श्वास ऐकू यायला लागला. आत, बाहेर. आत, बाहेर. समोरचे सगळे निवांत बघत होते, म्हणजे त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. घाबरून बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने खाली वाकलो, तर आवाज बंद. वर आलो, पुन्हा सुरू.

पुढचे दोन महिने हे असंच चाललं. जेवताना चावण्याचा आवाज इतका मोठा यायचा की मी पापड खाणं सोडून दिलं. आधी वाटलं कानात मळ साठलाय, मग वाटलं बीपी, आणि रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधाशोध केल्यावर अर्थातच मेंदूत गाठ. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कान बघितला, नाक बघितलं आणि विचारलं, “अलीकडे वजन खूप कमी झालंय का?”

झालं होतं. १३८चं ८१. चौदा महिन्यांत ५७ किलो.

डॉक्टर म्हणाले, घशापासून कानापर्यंत एक बारीक नळी असते. ती एरवी बंद असते, गिळताना किंवा जांभई देताना तेवढी उघडते. तिच्या शेजारी चरबीची छोटीशी गादी असते, तिच्या आधाराने ती मिटलेली राहते. वजन झपाट्याने उतरलं की काही जणांची ती गादीही उतरते. मग नळी उघडी राहते आणि माणसाला स्वतःचा श्वास आणि आवाज थेट कानात ऐकू येतो. आडवं झालं, खाली वाकलं की बरं वाटतं. “धोका काही नाही,” ते म्हणाले, “पाणी भरपूर प्या, आणि आता आणखी बारीक होऊ नका.”

मला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला बारीक होऊ नका म्हणत होतं.

चरबी म्हणजे पोट, मांड्या, हनुवटी एवढंच मला माहीत होतं. ती इतक्या ठिकाणी गुपचूप कामाला असते हे ती गेल्यावर कळलं. लाकडी बाकावर दहा मिनिटं बसलं की हाडं टोचतात, ही गोष्ट मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी समजली, कारण तोवर माझ्या आणि बाकाच्या मध्ये भरपूर मी होतो. आता ऑफिसच्या बॅगेत हवा भरायची उशी असते. एसीमध्ये सगळे टी-शर्टवर आणि मी स्वेटर घालून, मे महिन्यात. बूट अर्ध्या नंबराने ढिले झाले. पायावर पाय टाकून बसता यायला लागलं याचा इतका आनंद झाला की दिवसभर तसाच बसायचो, आणि एके दिवशी उठलो तर डाव्या पायाचा पंजा वर उचलेना. गुडघ्याच्या बाजूने जी नस जाते तिच्यावरची गादीसुद्धा गेली होती आणि माझ्याच दुसऱ्या पायाने मी ती दाबून धरली होती. ते सहा आठवड्यांत बरं झालं. केस मात्र चौथ्या महिन्यापासून मुठी-मुठीने गेले. ते पुढे परत आले, पण पूर्वीइतके नाहीत.

यातलं काहीच जिवावरचं नाही. म्हणूनच ते कुणाला सांगता येत नाही. शुगर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, रात्री घोरताना श्वास अडकायचा तो आता अडकत नाही. एवढं सगळं मिळालेल्या माणसाने “मला बसायला टोचतं” म्हणून रडायचं? लॉटरी लागलेल्याने सुट्टे नाहीत म्हणून तक्रार करावी तसं वाटतं ते.

आणि मग कातडी.

तिच्याबद्दल कसं लिहावं हे मला अजून नीट जमत नाही. माणूस उतरतो, पण ज्या मापाने त्याला शिवलेलं असतं ते माप उतरत नाही. ओटीपोटावर एक घडी लोंबते, तिच्याखाली घाम साठतो, पावसाळ्यात पावडर लावल्याशिवाय बाहेर पडलो की संध्याकाळी आग होते. दंडाखाली पिशव्या. छातीवर जे आहे त्याला मी नाव देत नाही. धावलो तर सगळं माझ्या मागून अर्ध्या सेकंदाने येतं. मशीनवर धावताना याचा आवाज होतो, टाळ्यांसारखा. शेजारच्या मशीनवरची मुलगी इकडेतिकडे बघायला लागली, तेव्हापासून मी जिममध्ये फक्त सायकल चालवतो.

जुन्नरजवळ माझं आजोळ आहे. तिथे एक विहीर आहे. लहानपणी उन्हाळ्यात सगळी पोरं तिच्यात उड्या मारायची आणि मी काठावर कपडे सांभाळत बसायचो. पोहता येत नव्हतं असं नाही. शर्ट काढायचा नव्हता. वीस वर्षं मी मनातल्या मनात त्या विहिरीत उडी मारली आहे. वजन उतरवण्याची जी काही कारणं मी डॉक्टरांना सांगितली, शुगर, गुडघे, झोप, ती सगळी खरी होती. पण खरं कारण विचाराल तर ती विहीर. गेल्या मे महिन्यात गेलो. भाच्यांनी हाक मारली, “मामा, चल!” मी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं. काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळले. फरक इतकाच, की आता मी गोणपाटाची चौघडी करून तिच्यावर बसलो होतो.

ही कातडी शस्त्रक्रियेने काढता येते. माझ्या विमा पॉलिसीच्या भाषेत ते ‘सौंदर्यासाठी’ आहे, त्यामुळे खर्च आपला आपण.

आता थोडं भाषेकडे वळतो, कारण मला बरंचसं तिथे सापडलं. आपल्याकडे ‘तब्येत’ म्हणजे आरोग्यही आणि आकारही. “तब्येत झालीये हं” म्हणजे जाड झालास. “तब्येत उतरली रे” म्हणजे बारीक झालास, आणि सोबत एक शंका: बरं आहे ना सगळं? ‘सुटणे’ तर कमालच आहे. शाळा सुटते, गाडी सुटते, तुरुंगातून माणूस सुटतो आणि लग्नानंतरही माणूस सुटतो, पण तो आडवा. मी पंधरा वर्षं सुटलेला होतो आणि त्यातूनच सुटायची धडपड करत होतो. आणि कौतुक झालं की आपल्या अंगावर मूठभर मांस चढतं. मी बारीक झाल्यावर जेवढं कौतुक झालं, त्या हिशेबाने मी आत्तापर्यंत परत १३८वर जायला हवा होतो.

याच भाषेतल्या घरात मी वाढलो. आमच्याकडे खाणं हे कधी पाप नव्हतं. ताटात पोळी टाकताना आईचा, मावशीचा, आत्याचा हात कधी थांबला नाही. नाही म्हणणाऱ्याला “आमच्या हातचं आवडत नाही का?” हा प्रश्न ठरलेला. मात्र ज्या अंगाला ते खाल्लेलं लागलं, ते अंग हा गुन्हा. वाढणाऱ्याचं पुण्य वाढणाऱ्याकडे आणि जेवणाऱ्याचं पाप जेवणाऱ्याकडे, असा हा विचित्र हिशेब आहे.

त्या हिशेबामुळेच मी खोटं बोललो. लेख खरा त्याबद्दलच आहे, इतका वेळ मी कानाच्या आणि कातडीच्या आडून बोलत होतो.

माझं वजन ऑपरेशनने उतरलं. पोटाचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात, उरते केळ्याएवढी नळी. जागा कमी होते, पण तेवढंच नाही. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं एक संप्रेरक बरंचसं त्या काढून टाकलेल्या भागात तयार होत असतं, तेही कमी होतं. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचे तीन वाजले आणि मला काही खावंसं वाटलं नाही. मी घड्याळाकडे बघत बसलो. म्हणजे लोक असे जगतात तर! ज्यांना “तीन वाजता काही खात जाऊ नकोस” हा सल्ला सोपा वाटतो, त्यांच्या आत ही शांतता असते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री आई म्हणाली, “नातेवाइकांत कुणाला सांगू नको. हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगू.” मला ते पटलं. आईवर ढकलत नाहीये, मला फारच पटलं. आणि मग किलो उतरायला लागले आणि लोक विचारायला लागले, “कसं केलंस रे?” मी सांगायचो, “काही नाही, रोज चालतो. साखर सोडली.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी रोज चालत होतो. साखर सोडली होती. आधी-नंतरचा फोटो टाकला तेव्हा खाली दोन शब्द लिहिले: शिस्त आणि सातत्य. चारशे लाइक्स आले. त्या ‘नंतर’च्या फोटोत मी फुल शर्ट, आत घट्ट कॉम्प्रेशन बनियन आणि किंचित तिरपा उभा आहे.

का लपवलं? कारण ऑपरेशन म्हणजे ‘शॉर्टकट’. हा शब्द मी स्वतः दुसऱ्यांबद्दल वापरलेला आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करणाऱ्याला कुणी शॉर्टकट मारला म्हणत नाही. वजनाचं मात्र असं आहे की ते कष्टाने, उपासाने, घाम गाळून उतरलं तरच ते ‘आपलं’. प्रायश्चित्त घेतल्याशिवाय सुटका कशी? आणि प्रायश्चित्त म्हटलं की पाप आधीच मान्य केलेलं असतं, ते वेगळं सिद्ध करायला लागत नाही.

या बाबतीत मला एक जुनी गोष्ट फार जवळची वाटते. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात बुद्ध आपल्या कडक उपासाच्या काळाबद्दल स्वतः सांगतात. पोटाच्या कातडीला हात लावला की पाठीचा कणा हाताला लागे. अंगावरून हात फिरवला की केस मुळापासून गळून पडत. बसायची जागा उंटाच्या पावलासारखी झाली होती. हे वाचलं तेव्हा मी हवेच्या उशीवर बसलेलो होतो आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस मला एकदम शेजारी बसल्यासारखा वाटला. लाहोरच्या संग्रहालयात गांधार शैलीतली त्या अवस्थेतली मूर्ती आहे, फासळ्या मोजता येतील अशी. तिचे फोटो तुम्ही पाहिले असतील. लोक त्या मूर्तीपुढे तपाच्या ताकदीने थक्क होतात. पण सुत्तातले बुद्ध ते मिरवत नाहीत. ते सांगतात की या वाटेने काही हाती लागत नाही हे कळलं, आणि ते जेवले. तेव्हा सोबतचे पाच जण त्यांना सोडून गेले. हा ढळला, सुखाला लागला, म्हणून.

ते पाच जण वाईट नव्हते. त्यांचा फक्त हिशेब पक्का होता: जितकं सोसलं तितकं खरं. माझ्या फोटोखालच्या त्या दोन शब्दांनी मी त्या पाच जणांच्याच पंगतीत जाऊन बसलो होतो.

आता ते चिमीपर्यंत कसं पोचलं ते सांगतो. चिमी माझी मावसबहीण, नाशिकला असते. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, बँकेत नोकरी, आणि अंगाने माझ्यासारखीच, म्हणजे पूर्वीच्या माझ्यासारखी. मावशी तिच्यासाठी स्थळं बघतेय. स्थळं येतात, फोटो मागतात आणि मग पत्रिका जुळत नाही. माझा फोटो मावशीने फ्रिजवर लावला. खरोखर, प्रिंट काढून. “दादा बघ. त्याने केलं. नुसतं चालून केलं.” चिमी सहा महिने पहाटे साडेपाचला उठून चालली. भात सोडला, साखर सोडली. साडेसहा किलो उतरले आणि मग काटा हलेना. सातव्या महिन्यात त्यातले चार परत आले. मावशीने विचारलं, “मग त्याला कसं जमलं?”

हे मला ताईने फोनवर सांगितलं, सहज, दुसरं काहीतरी सांगता सांगता. म्हणाली, चिमी आता फ्रिजच उघडत नाही, तुझ्या तोंडासमोर उघडावा लागतो म्हणून.

चिमीमध्ये जिद्द कमी नाही. शरीर असंच वागतं. ‘द बिगेस्ट लूझर’ नावाचा अमेरिकन रिॲलिटी शो होता, त्यात लोक काही महिन्यांत पन्नास-पन्नास किलो उतरवायचे. त्यातल्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं, तरी त्यांची शरीरं त्या आकाराच्या माणसाला लागावी त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होती. म्हणजे सहा वर्षांनंतरही शरीराचा दुष्काळ संपलेला नव्हता. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की चरबीच्या पेशींची संख्या साधारण विशीपर्यंत ठरते आणि पुढे जवळपास तेवढीच राहते. वजन खूप उतरलं तरी पेशी जात नाहीत, रिकाम्या होतात. माझ्यासारख्या ऑपरेशन झालेल्यांना दोन वर्षांनी तपासलं, तरी पेशी तेवढ्याच होत्या. थोडक्यात, मी ज्याला ‘आधीचा मी’ म्हणतो तो कुठेही गेलेला नाही. तो आत सगळ्या खुर्च्या मांडून, पाहुण्यांची वाट बघत बसलाय.

मग गेलं ते काय? गंमत म्हणून हेही सांगतो. डॉक्टर, ट्रेनर, आहारतज्ज्ञ अशांना विचारलं की चरबी जाते कुठे, तर बहुतेक सांगतात, तिची ऊर्जा होते, उष्णता होते. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१४ साली हिशेब मांडून दाखवला की १० किलो चरबी गेली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन. घामाने नाही, श्वासाने! ज्या श्वासाच्या आवाजाने मी मीटिंगमध्ये घाबरलो होतो, त्यातूनच मी चौदा महिने थोडा थोडा बाहेर पडत होतो.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, पाळण्यातलं बाळ होतास तो तूच, की दुसरा कोणी? राजा म्हणतो, दुसरा. मग नागसेन म्हणतात, असं असेल तर तुला आई नाही, बाप नाही, गुरू नाही. गुन्हा एकाने केला आणि हात दुसऱ्याचे तोडले असं होईल. मग तोच आहेस का? तोही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, तीच नव्हे आणि वेगळीही नव्हे.

कॉलेजात हे वाचलं तेव्हा शब्दांचा खेळ वाटला होता. आता वाटत नाही, कारण मी पहिला पर्याय वापरून बघितलाय. ‘तो वेगळा होता’ म्हणणं फार सोयीचं असतं. लोकांना आवडतं. “काय होतास, काय झालास!” म्हणतात आणि आपणही त्यांच्यासोबत त्या जुन्या माणसाला हसतो. ऑफिसमध्ये जे लोक आधी माझ्याशी कामापुरतं बोलायचे ते आता चहाला बोलावतात. दुकानदार ‘सर’ म्हणतो. पूर्वी लोक उद्धट होते असं नाही, ते बघायचेच नाहीत. पहिले काही महिने हे मस्त वाटतं. मग एके दिवशी चहा पिताना राग येतो, की मी तेव्हाही हेच विनोद करत होतो.

पण राग येण्याचा हक्क मी लवकरच घालवला. डोंबिवलीहून रोज लोकलने जातो. आमच्याकडे तिघांच्या सीटवर चौघं बसायची पद्धत आहे, ती चौथी सीट म्हणजे कडेला जेमतेम टेकणं. १३८ किलोचा असताना मी कधी चौथी सीट मागितली नाही, आणि तिसरा म्हणून बसलेला असलो तर चौथा माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा ती नजर मला पाठ आहे. मागच्या पावसाळ्यात मी चौथा होतो. तिसऱ्या जागेवर एक मोठा माणूस बसलेला, मांडीवर बॅग, खिडकीबाहेर बघत, कुणाच्या नजरेला नजर न देता. मला हाडं टोचत होती. आणि माझ्या मनात स्पष्ट मराठीत वाक्य आलं, थोडं आवरायला काय होतं या लोकांना.

या लोकांना!

तो घाटकोपरला उतरला. उतरताना “सॉरी हं” म्हणाला, कशाबद्दल ते त्यालाही माहीत नसावं. मीही असाच दहा वर्षं सॉरी म्हणत उतरत होतो.

माणूस बदलला की त्याने जुन्या माणसाचं देणं लागतं का, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलाय. मला वाटतं, लागतं. मी वेगळा नव्हे, म्हणून. त्याचे मित्र माझे असतील, त्याची पगारवाढ माझी असेल, तर त्याच्यासारख्यांशी खरं बोलायची जबाबदारीही माझीच आहे. शरीर ही खाजगी बाब आहे, माझ्या पोटात काय केलंय ते जगाला सांगायला मी बांधील नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. दुकानदाराला सांगायची गरज नाही. चारशे लाइक्सवाल्यांनाही नाही, कदाचित. पण माझ्या गप्प बसण्याचा छडी म्हणून वापर होत असेल, आणि ती छडी रोज एकाच मुलीवर चालत असेल, तर ते मौन खाजगी राहत नाही. ‘मी खोटं बोललोच नाही, मी खरंच चालत होतो’ ही पळवाट मी स्वतःशी बराच काळ वापरली. ती नाशिकच्या फ्रिजपर्यंत पोचत नाही.

गौरीच्या जेवणाला गेलो. पुरणपोळी मला आता अर्धीच जाते, मावशी म्हणाली, “बघ, किती कंट्रोल!” चिमी समोर बसून वरण-भात कालवत होती. पाटावर बसलेलो, पाच मिनिटांत टोचायला लागलं. मी तिला म्हटलं, “एक उशी दे गं.” तिला वाटलं चेष्टा करतोय.

जेवणानंतर मागच्या बाल्कनीत तिला सगळं सांगितलं. हर्निया नव्हता, इथपासून. तिने मध्ये एकदाही काही विचारलं नाही. मग मी शर्टाची बाही दंडापर्यंत वर केली आणि हात पुढे केला. आईने सोडून कुणीही तो हात तसा पाहिलेला नव्हता. चिमीने दोन बोटांनी ती कातडी उचलून सोडली, पिठाची कणीक सैल झालीये का बघतात तसं.

“पोटावर पण?”

“पोटावर जास्त.”

“आणि तरी तू परत केलं असतंस?”

“केलं असतं.”

“सहा महिने, दादा,” ती म्हणाली. “पावसात पण. छत्री घेऊन.” तिचा आवाज चढला नाही. “मला वाटायचं, मी कुठेतरी फसवतेय. झोपेत खातेय का काय, असं पण वाटायचं.”

मी सॉरी म्हणालो. ती काही बोलली नाही. खाली कुणाच्या तरी गौरींची आरती सुरू झाली होती.

बऱ्याच वेळाने म्हणाली, “मी करणार नाही बहुतेक. माहीत नाही. करेन पण कदाचित. पण ते मी ठरवीन.” मग आत स्वयंपाकघराकडे बघून, “तो फोटो तू काढतोस की मी काढू?”

“मी काढतो.”

“आणि आईला?”

मावशी ओट्यापाशी उरलेलं पुरण डब्यात भरत होती, माझ्याबरोबर द्यायला. मी फ्रिजपाशी जाऊन लोहचुंबक सोडवलं. तिने मान वर केली. मी म्हटलं, “मावशी, ते पुरण राहू दे जरा. बस इथे.”